जूननंतरची प्रेसिडेंट

"मी सौदी अरेबियात वीसेक वर्षं निवडणुका घेतल्या," असं मी नाशिकला परत आल्यावर आमच्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये सांगितलं, तेव्हा चेअरमनसाहेबांच्या हातातला चहाचा कप हवेतच राहिला. "तिथे राजा असतो ना हो?" ते म्हणाले. असतो की! पण दम्माममधल्या एका भारतीय शाळेच्या मुलींच्या विभागात प्रेसिडेंट असायची, आणि ती दरवर्षी एप्रिलमध्ये मतदानाने निवडून यायची. उमेदवारांना झापणारी, मतं मोजणारी आणि हरलेल्या पोरींचे डोळे पुसणारी बाई म्हणजे मी. पगार फक्त समाजशास्त्र शिकवण्याचा मिळायचा, हे जाता जाता सांगून ठेवते.

बाकीच्या शाळांत हिलाच हेड गर्ल म्हणतात. आमच्या प्रिन्सिपॉलसरांना भारदस्त शब्दांची हौस. ते लखनौचे. 'हेड गर्ल'मध्ये वजन नाही म्हणाले, आणि स्टुडंट कौन्सिलची प्रेसिडेंट आणि व्हाइस प्रेसिडेंट अशी पदं काढली. काम काय? सकाळची असेंब्ली, बसमधली शिस्त, कॅन्टीनच्या तक्रारी, हाउसच्या मॅचेस, गॅदरिंग. बाहेरच्याला हा पोरखेळ वाटतो. आमच्या ह्यांनासुद्धा वाटायचा. हे अबकैकच्या तेलाच्या प्लँटमध्ये इन्स्ट्रुमेंट इंजिनिअर. पहाटे कंपनीच्या बसने जायचे आणि संध्याकाळी आल्यावर मला विचारायचे, "काय, आज कोणाचं सरकार पडलं?" मी म्हणायची, तुमच्या प्लँटमधले व्हॉल्व्ह निदान रुसत तरी नाहीत.

तर या कामातली सगळ्यात अवघड गोष्ट कोणती असेल, असं तुम्हाला वाटतं? प्रेसिडेंट निवडणं? छे! प्रेसिडेंट मुली बरोबर निवडतात. जिला माइक हातात घेतला की घाम फुटत नाही आणि जिचं नाव केजीच्या मुलींनाही माहीत असतं, ती निवडून येते. खरी कटकट असते नंबर दोनची. अमेरिकेत राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार एकटा उभा राहत नाही, आपला उपाध्यक्ष स्वतः निवडून जोडीने उभा राहतो, हे मी दर वर्षी अकरावीला शिकवायची. 'रनिंग मेट' म्हणतात त्याला. कोणी आपल्याला न मिळणारी मतं आणणारा माणूस घेतो, कोणी आपल्या पक्षातल्या रुसलेल्या गटातला घेतो, कोणी आपल्याहून वयस्कर घेतो, कोणी आपल्याहून फिका. शिकवताना मी हे सगळं मजेत सांगायची. पण आमच्या शाळेत ही गोष्ट अमेरिकेपेक्षाही गंभीर होती, ती का ते आखातात राहिल्याशिवाय कळत नाही.

आमच्या शाळेतली एकही मुलगी कायमची नव्हती. मुलीचं तिथलं राहणं बापाच्या इकाम्यावर, म्हणजे राहण्याच्या परवान्यावर, आणि बापाचा इकामा कंपनीच्या मर्जीवर. कंपनी एक दिवस म्हणते, खलास. मग पासपोर्टवर फायनल एक्झिट लागतं आणि अख्खं घर बॅगा भरून निघतं. गुरुवारी "बाय मॅम" म्हणून गेलेली मुलगी शुक्रवार-शनिवारची सुट्टी संपून रविवारी शाळा भरली की बाकावर नसते. आणि लोक हे शेवटपर्यंत लपवतात! त्यालाही कारण आहे. एक्झिटची बातमी फुटली की ओळखीचे लोक सांत्वनाला म्हणून येतात आणि सोफा दाबून बघतात. "फ्रिज देणार असाल तर आधी आम्हाला सांगा हं, वहिनी." त्यामुळे नवरा-बायको मुलांनाही दटावतात, की कुठे बोलायचं नाही. माझ्या कितीतरी विद्यार्थिनी अशा न सांगता गेल्या. त्यांना नीट निरोप देता आला नाही, याची रुखरुख मला अजून आहे.

म्हणून आमच्याकडे व्हाइस प्रेसिडेंट शोभेची नसायची. तिला खरोखरच खुर्चीवर बसावं लागे.

सुरुवातीला आम्ही सगळ्यात सोपा नियम केला होता. पहिली आली ती प्रेसिडेंट, दुसरी आली ती व्हाइस. अमेरिकेतही फार पूर्वी असंच होतं आणि तिथेही ते जमलं नाही. आमच्याकडे लीनी नावाची मल्याळी मुलगी निवडून आली आणि सहामाहीनंतर तिच्या वडिलांची नोकरी गेली. गादीवर बसली ती तिच्याकडून हरलेली मुलगी. तिने पहिल्याच दिवशी लीनीने बसवलेलं गॅदरिंगचं अख्खं नाटक रद्द केलं. का, तर लीनीने बसवलं होतं म्हणून! नाटकातल्या पोरी रडल्या, त्यांच्या आया भांडायला आल्या, आणि परीक्षेपर्यंत अर्धी शाळा उरलेल्या अर्ध्या शाळेशी बोलत नव्हती. प्रिन्सिपॉलसर मला म्हणाले, "मैडम, यह लोकतंत्र बंद कर दें क्या?" मी म्हटलं, सर, लोकशाही राहू द्या, नियम बदलते.

तेव्हापासून आमच्याकडे जोडी उभी राहू लागली. जिला प्रेसिडेंट व्हायचंय तिने आपली जोडीदार स्वतः निवडायची आणि तिला घेऊन माझ्याकडे यायचं. मी दोघींना समोर बसवायची आणि उमेदवाराला एकच विचारायची: "उद्या तुझ्या बाबांचं एक्झिट लागलं, तर शाळा हिच्या हातात देशील?"

काय एकेक नमुने यायचे! एक पंजाबी मुलगी आपल्या जिवाभावाच्या मैत्रिणीला घेऊन आली. "मॅम, हम नर्सरी से साथ हैं." मी त्या मैत्रिणीला म्हटलं, उद्या असेंब्लीत दोन शब्द बोल बेटा, तर ती तिथेच रडायला लागली. दुसरी एक होती, तिने वर्गातली सगळ्यात गप्प मुलगी शोधून आणली, म्हणजे स्टेजवर आपल्यापुढे कोणी दिसायला नको. तिसरीने तर सरळ सांगितलं, "मॅम, मलयाळी वोट्स चाहिए, इसलिए मल्याळी मुलगी घेतली." हिंदीत सुरू करून मराठीत संपवणारी ही आपली नाशिकची. मी हसले, पण तिला नाही म्हटलं नाही. मतं लागतातच, त्यात लाजायचं काय? फक्त मतं आणणारी मुलगी नंतर शाळाही चालवू शकेल का, एवढं मी बघायची. माझा अंदाज नेहमी बरोबर यायचा असं नाही. पण बऱ्यापैकी यायचा.

आता शर्वरीचं सांगते, कारण हा लेख लिहायला घेतला तो तिच्यासाठी.

शर्वरी अकरावीत होती. वडील आमच्या ह्यांच्याच प्लँटमध्ये, पण दुसऱ्या खात्यात. मूळ घर पुण्यात. उंच, हसरी, सगळ्यांशी बोलणारी. बसचा पाकिस्तानी ड्रायव्हर तिला 'छोटी मैडम' म्हणायचा. ती उभी राहिली की येणारच, हे शिपायालाही माहीत होतं. तिचा मुद्दाही चांगला होता. आमच्या शाळेच्या आवारात एकच छप्पर असलेलं कोर्ट होतं, आणि ते पहिल्यापासून मुलांच्या विभागाकडे. मुलींकडे उघडं मैदान. दम्मामच्या उन्हात उघड्या मैदानावर वर्षातले निम्मे महिने उभंही राहवत नाही, खेळायचं कुठून! बाहेर काळ बदलला होता. बायका गाड्या चालवत होत्या, स्टेडियममध्ये मॅच बघत होत्या, आमच्या शेजारची सौदी मुलगी रोज संध्याकाळी ट्रॅकसूट घालून पळायला जायची. आमच्या शाळेचं वेळापत्रक तेवढं जुनंच राहिलं होतं. मुलींना आठवड्यातून दोन तास ते कोर्ट हवं होतं. प्रिन्सिपॉलसरांचं उत्तर ठरलेलं: "देखेंगे."

नावं द्यायच्या शेवटच्या आठवड्यात एक दिवस शाळा सुटल्यावर शर्वरी माझ्याकडे आली. एकटीच.

"जोडीदार कुठाय तुझी?"

"मॅडम, मी रुबीनाला घेणार आहे. अजून तिला विचारलं नाही."

मी हातातलं पेन खाली ठेवलं. रुबीना तिच्याच वर्गातली. घर रत्नागिरीकडचं, वडील दम्माममध्ये गाड्यांच्या स्पेअर पार्ट्सच्या दुकानात. थ्रोबॉल असा खेळायची की समोरची मुलगी हात मागे घ्यायची. आणि तोंड! तिची आई पालकसभेत मला म्हणाली होती, "मॅडम, हिच्या नादाला लागू नका, ही घरात पण कोणाचा ऐकत नाय." शर्वरी मॉनिटर असताना तिने रुबीनाला कॉरिडॉरमध्ये बॉल खेळते म्हणून माझ्यापुढे उभं केलं होतं. तेव्हापासून वर्षभर दोघी एकमेकींशी बोलत नव्हत्या.

"अगं, तुझं डोकं ठिकाणावर आहे ना?" मी म्हटलं. "तिला कशाला?"

"कारण ती भांडते, मॅडम. सर 'देखेंगे' म्हणाले की मी 'थँक यू सर' म्हणून परत येते. ती नाही येणार." मग तिने उठून दार लावलं आणि म्हणाली, "बाबांचं खलास झालंय. जूनअखेर आमचं एक्झिट आहे. आम्ही चाललो."

मला आधी वाईट वाटलं आणि लगेच राग आला. दोन्ही खरं. "मग तू उभीच कशाला राहतेस? दोन महिन्यांच्या मिरवण्यासाठी?"

तिचे डोळे भरून आले, पण आवाज नीट होता. "मी उभी राहिले तर निवडून येईन. रुबीना उभी राहिली तर नाही येणार. मुली तिला घाबरतात. म्हणून मी निवडून यायचं, जूनमध्ये जायचं, आणि मग आपोआप ती. कोर्ट तीच मिळवेल, मॅडम. मला माहितीय."

मी त्या पोरीकडे बघतच राहिले. इतक्या वर्षांत पोरींनी मैत्रीण निवडली होती, मतं निवडली होती, आपल्याहून बुजरी निवडली होती. आपण गेल्यावर काम होईल म्हणून आपल्याशी न पटणारी मुलगी निवडणारी ही पहिलीच. कौतुक वाटलं, पण कौतुक गिळून मी म्हटलं, "कल्पना फक्कड आहे आणि लबाडीची आहे. मुली मत तुला देणार आणि मिळणार त्यांना दुसरीच. शिवाय जिच्या गळ्यात हे घालणार तिलाही पत्ता नाही. उद्या मधल्या सुट्टीत तिला घेऊन ये. माझ्यासमोर सांग."

दुसऱ्या दिवशी रुबीना आली ती हाताची घडी घालूनच. शर्वरीने सगळं सांगितलं. एक्झिटचंसुद्धा. रुबीना ऐकत होती, एकदा शर्वरीकडे, एकदा माझ्याकडे बघत होती. मग म्हणाली, "म्हणजे मी तुझी स्टेपनी?"

बापाचं दुकान स्पेअर पार्ट्सचं, पोरीला दुसरा शब्द कुठून सुचणार! मी हसू दाबलं. शर्वरी मात्र डगमगली नाही.

"हो. पण जूननंतर गाडी तुझ्यावरच चालणार आहे."

"आणि पोरी काय म्हणतील? रुबीना मागच्या दाराने आली. मला नाय पाहिजे असलं." मग ती माझ्याकडे वळली. "मॅडम, हिला सांगा, स्टेजवर उभी राहून सगळ्यांना सांग म्हणावं की मी चाललेय. मग जे मत देतील ते देतील. तर मी येते. नायतर माझा खलास."

"अगं, तसं सांगितलं तर आपण हरू!" शर्वरी म्हणाली.

"हरलो तर हरलो. पण जिंकलो तर मला जिंकू दे ना."

मला जे पंधरा मिनिटं समजावून सांगायचं होतं, ते या तिखट तोंडाच्या मुलीने एका वाक्यात सांगून टाकलं होतं.

पण शर्वरीची अडचण वेगळीच निघाली. ती खाली बघून म्हणाली, "बाबांनी शपथ घातलीय. ऑफिसात कुणालाच माहीत नाही. मी स्टेजवर सांगितलं की संध्याकाळपर्यंत अख्ख्या अबकैकला कळेल." ते खरंच होतं. शाळेत बोललेला शब्द प्लँटच्या बसमध्ये पोचायला वेळ लागत नसे. आमच्या ह्यांच्यामार्फत तर नाहीच लागत.

"मग बाबांना विचार," मी म्हटलं. "मी यात पडणार नाही."

दोन दिवस काही कळलं नाही. तिने नाव दिलंच नसतं तर मी तिला दोष दिला नसता. घराची लाज घरच्यांनी सांभाळायची असते, शाळेतल्या कोर्टासाठी ती उघडी का करायची? पण मनातून मला फार वाटत होतं की तिने उभं राहावं. तिसऱ्या दिवशी तिच्या वडिलांचा फोन आला. मी त्यांना गणपतीच्या आरतीला दोन-चार वेळा भेटले होते, त्यापलीकडे ओळख नव्हती.

"मॅडम, नमस्कार. शर्वरी दोन दिवस घरात तोंड फुगवून बसलीय. तिचं म्हणणं, बाबा, तुम्ही नोकरी गेली म्हणून लपवताय, तुम्ही काय चोरी केलीत का?" मग म्हणाले, "खरं सांगू का, इतक्या वर्षांत माझ्याशी असं कोणी बोललं नव्हतं. मी आज ऑफिसात सगळ्यांना सांगून टाकलं. तिला बोलू द्या. येऊ देत लोक सोफा बघायला, आम्ही चहा देऊ."

मी फोन ठेवला आणि स्टाफरूममध्ये एकटीच हसले. मग थोडी रडलेही. आखातात इतकी वर्षं काढली, पण एखाद्या बापाने एक्झिट असं उघड सांगितलेलं मी पहिल्यांदाच ऐकत होते.

भाषणांच्या दिवशी हॉल भरलेला होता. आधी दुसऱ्या जोडीची अंजू बोलली. हुशार, गोड बोलणारी मुलगी, आणि मल्याळी मुलींची एकगठ्ठा मतं तिची. मग शर्वरी माइकपाशी आली. मुलींनी टाळ्या वाजवल्या, त्या थांबेपर्यंत ती थांबली आणि हिंदीत म्हणाली, "मैं जून में जा रही हूँ. फायनल एग्ज़िट."

तो शब्द त्या हॉलमधल्या प्रत्येक मुलीच्या घरात दबक्या आवाजात बोलला जायचा. माइकवरून तो कोणी उच्चारला नव्हता.

"इसलिए आप मुझे मत देखिए," ती म्हणाली. "इसको देखिए. मैं दो महीने हूँ, यह पूरा साल है. इससे मेरी बनती नहीं है. पर कोर्ट यही लाएगी."

मागच्या बाजूने कोणीतरी "फिर तुम क्यों खड़ी हो?" असं ओरडलं. ती म्हणाली, "क्योंकि आप लोग इससे डरते हो." सगळा हॉल हसला. रुबीना मात्र हसली नाही. ती स्टेजवर तशीच हाताची घडी घालून उभी होती, आणि मी मनात म्हणत होते, अगं बाई, जरा तरी हस, मतं पडायचीत!

मग सहावीतली एक चिमुरडी उभी राहिली आणि तिने रुबीनाला विचारलं, "दीदी, आपके पापा का भी एग्ज़िट हो गया तो?"

असा प्रश्न कोणी कोणाला विचारत नाही. पण मुलं विचारतात. रुबीनाने हाताची घडी सोडली, माइक आपल्याकडे ओढला आणि म्हणाली, "हो सकता है. अब्बा को भी नहीं मालूम, मुझे भी नहीं मालूम. इसलिए मैं 'देखेंगे' नहीं सुनूँगी. मेरे पास देखने का टाइम नहीं है."

पहिल्या रांगेत प्रिन्सिपॉलसर बसले होते. ते आधी दचकले आणि मग सगळ्यांच्या आधी त्यांनीच टाळी वाजवली. माणूस दिलदार होता, फक्त हलायला वेळ लागायचा.

मतमोजणी मी आणि पीटीच्या मॅडमने केली. शर्वरीची जोडी जिंकली, पण अगदी थोडक्यात. शर्वरी एरवी उभी राहिली असती तर दणदणीत आली असती. खरं सांगून तिने बरीच मतं घालवली होती, हे आम्हाला समोर दिसत होतं. मी तिला ते सांगितलं, तर म्हणाली, "मग उरलेली रुबीनाची ना, मॅडम? म्हणजे तिला कोणी काही म्हणू शकत नाही."

पुढचे दोन महिने मी एक वेगळीच गोष्ट बघितली. बहुतेक प्रेसिडेंट आपल्या नंबर दोनला बॅजेस वाटायला आणि रांगा लावायला ठेवायच्या. शर्वरी प्रिन्सिपॉलसरांकडे जाताना प्रत्येक वेळी रुबीनाला पुढे घालायची आणि स्वतः मागे उभी राहायची. भांडणं चालूच होती. रुबीना आरडाओरडा करायची, शर्वरी तिला म्हणायची, "सरांसमोर हळू बोल, काम होतं." रुबीना म्हणायची, "हळू बोलून तुझा काय झाला?" एकदा तर दोघी माझ्या टेबलाशी येऊन एकमेकींची तक्रार करून गेल्या आणि जाताना एकत्र समोसा खायला गेल्या. जूनअखेर शर्वरीने असेंब्लीत आपला बॅज काढून रुबीनाच्या ओढणीला लावला. या वेळी पहिल्यांदाच आमच्या एका प्रेसिडेंटला अख्ख्या शाळेने निरोप दिला. रडारड झाली. मी तर माइकवर दोन वाक्यंसुद्धा नीट बोलू शकले नाही.

तिच्या वडिलांकडे म्हणे खरंच बरेच लोक आले होते. पण सोफा बघायला आलेल्यांपेक्षा, पुण्यात कुठे ओळख लावून देऊ का, असं विचारायला आलेले जास्त होते. हे माझ्या ह्यांनीच मला सांगितलं, आणि पुढे म्हणाले, "आपण कायम उगाच घाबरतो." मी म्हटलं, आपण नाही, तुम्ही पुरुष.

सुट्टीनंतर शाळा उघडली ती सप्टेंबरच्या रखरखाटात. रुबीना प्रिन्सिपॉलसरांकडे गेली, त्यांनी सवयीने "देखेंगे" म्हटलं, आणि ती म्हणाली, "सर, मैं बाहर बैठती हूँ, आप देखिए." आणि खरोखर बाहेरच्या बाकावर बसली. रोज मधल्या सुट्टीत डबा घेऊन तिथेच बसायची. ओरडा नाही, घोषणा नाही. शर्वरीकडून शिकलेलं तिने असं वापरलं. मग इतर मुलीही डबे घेऊन तिच्या शेजारी बसायला लागल्या. सरांना खोलीतून बाहेर पडताना डब्यांमधून वाट काढावी लागायची. एक दिवस त्यांनी मुलांच्या विभागातल्या सरांना बोलावलं आणि आठवड्यातले दोन तास मुलींच्या नावे केले. त्या तासांना मुलांनी तिकडे फिरकायचं नाही, असंही ठरलं. "यल्ला, जाओ खेलो," ते रुबीनाला म्हणाले, "और मेरे दरवाज़े से यह पिकनिक हटाओ."

पहिल्या तासाला मी मुद्दाम कोर्टावर गेले. छपराखालची सावली, बॉलचे आवाज, पाचवीपासूनच्या मुलींचा किलबिलाट. मला तो तास आठवला की अजून बरं वाटतं. रुबीनाने खेळ सुरू व्हायच्या आधी मुलींपुढे छोटंसं भाषण केलं. पीटीच्या मॅडमचे आभार मानले, सरांचे मानले, बाकावर बसलेल्या मुलींचे मानले आणि नियम सांगितले. बॉल कोणी घरी न्यायचा नाही, कोर्टावर चिप्स खायचे नाहीत. मग शिट्टी वाजली.

त्याच संध्याकाळी पुण्याहून शर्वरीचा व्हिडिओ कॉल आला. बातमी तिला कुणी तरी कळवली होतीच. तिला सगळं ऐकायचं होतं. कोण कोण खेळलं, छपराखाली खरंच गार वाटतं का, सर आले होते का. मी सगळं सांगितलं. मग तिने विचारलं, "मॅडम, रुबीना बोलली ना सगळ्यांपुढे? माझं नाव घेतलं तिने?"

मला खोटं बोलता आलं असतं. मास्तरीण बाई असं खोटं बोलते कधी कधी, मुलीचं मन राखायला. पण या मुलीने अख्ख्या हॉलसमोर खरं सांगून आपली मतं घालवली होती, तिच्याशी खोटं कसं बोलू?

"नाही गं," मी म्हटलं. "नाही घेतलं."

तिचे डोळे भरले, ते मला पडद्यावर दिसले. मलाही भरून आलं, आणि रुबीनाचा राग आला. एवढं सगळं जिने केलं, तिचं नाव घ्यायला काय झालं होतं त्या पोरीला?

मग शर्वरीने ओढणीने नाक पुसलं आणि मोठ्याने हसली.

"बरं झालं, मॅडम," ती म्हणाली. "ती माझी व्हाइस असती तर तिने नाव घेतलं असतं. आता ती प्रेसिडेंट आहे."